राऊटरवर प्रत्येकाला स्पीड वाटून दिला तरी संध्याकाळी आवाज तुटतोच, काय चुकतंय?

चौथामजला

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांब आहे पण अर्धवट सांगितलं तर तुम्हालाही उत्तर देता येणार नाही म्हणून सगळंच लिहितो.

घरात फायबरचं कनेक्शन आहे, १०० एमबीपीएस डाउनलोड आणि २० अपलोड. माणसं सहा, डिव्हाइस मोजायला बसलो तर पंधरा भरले, पण खरं नेट खाणारे आठच. माझा ऑफिसचा लॅपटॉप, बायकोचा लॅपटॉप ज्यावर ती रोज संध्याकाळी ऑनलाइन क्लास घेते, धाकट्या भावाचा गेमिंगचा पीसी, हॉलमधला टीव्ही, दोन मोबाईल ज्यांवर सतत काहीतरी चालू असतं, आणि दारात नि जिन्यात लावलेले दोन कॅमेरे जे रेकॉर्डिंग क्लाउडवर टाकत असतात.

दिवसभर काही त्रास नाही. सात वाजले की सुरू होतं, बायको शिकवत असते आणि समोरून मुलं सांगतात मॅडम आवाज तुटतोय, ती तेच वाक्य तीन तीनदा बोलते, तिकडे भाऊ आतून ओरडतो की पिंग (डेटा जाऊन परत यायला लागणारा वेळ, मिलीसेकंदात) ४०० वर गेला. आणि बरोब्बर त्याच वेळी मी स्पीड टेस्ट केली तर ९४-९५ दाखवते! म्हणजे कंपनीला फोन करून सांगायची पण सोय नाही, ते म्हणतात स्पीड तर पूर्ण मिळतोय, हवं तर मोठा प्लॅन घ्या.

मी काय काय केलं ते सांगतो. राऊटरमध्ये बँडविड्थ कंट्रोलचं पान आहे, त्यात १०० भागिले ८ असा सरळ हिशोब करून प्रत्येकाला कमाल १२ एमबीपीएस लावले. झालं असं की टीव्हीवर फोर-के अडखळायला लागलं, भावाचं गेम अपडेट रात्री एक वाजता घरातले सगळे झोपलेले असताना सुद्धा १२ च्या वर जाईना, आणि ज्या क्लाससाठी हे सगळं केलं तो आवाज होता तसाच तुटका. मग ते काढून टाकलं आणि क्यूओएस मध्ये (कोणाचा डेटा आधी सोडायचा ते ठरवायचं पान) जाऊन बायकोचा लॅपटॉप हाय प्रायॉरिटीला टाकला. दोन दिवस छान गेले, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच, उलट त्या दिवशी तर माझा कॉल पण गेला.

आता घरात यावरून रोज शब्दाला शब्द वाढतोय. भावाला वाटतं मी मुद्दाम त्याचा स्पीड दाबतो, बायकोला वाटतं त्याच्या गेममुळे तिचा क्लास बुडतो. मला दोघांना न्याय द्यायचाय. वाटणीचा बरोबर आकडा काय ठेवायचा, टीव्हीला किती, गेमला किती, कॉलला किती, कोणी केलं असेल तर सांगा प्लीज.

जुनीतार

आधी तुम्ही विचारलंय त्याचं उत्तर. चांगल्या व्हिडिओ कॉलला दोन्ही बाजूंनी ३-४ एमबीपीएस धरा, नुसत्या आवाजाला तर १०० केबीपीएसच्या आसपास पुरतात. फोर-के ला नेटफ्लिक्स १५ सुचवतं म्हणून तुमच्या १२ मध्ये ते अडखळलं. ऑनलाइन गेम खेळताना बहुतेक वेळा १ एमबीपीएस पण लागत नाही, गेम डाउनलोड करणं ही वेगळी गोष्ट.

पण नुसती कमाल मर्यादा लावून वाटणी करू नका, फुकट जाते. सात जण झोपले तरी त्यांचे बारा बारा एमबीपीएस आठव्याला मिळत नाहीत, तुमच्या भावाचं रात्री तेच झालं. बऱ्याच राऊटरमध्ये त्या पानावर किमान आणि कमाल असे दोन रकाने असतात. किमान म्हणजे गर्दीत सुद्धा एवढं मिळणारच, कमाल म्हणजे लाईन मोकळी असेल तर इथपर्यंत जाऊ दे. कॉलवाल्या लॅपटॉपला किमान ४, टीव्हीला डाउनलोडमध्ये १५, बाकीच्यांना १-२, आणि कमाल सगळ्यांना जवळजवळ पूर्ण लाईन, असं भरा. सगळ्या किमानांची बेरीज लाईनपेक्षा जास्त होऊ देऊ नका एवढं बघा. आणि हे डाउनलोड अपलोड दोन्हीकडे भरायचं, तुम्ही मला वाटतं नुसतं डाउनलोडच भरलंय.

अजून एक. त्याच पानावर वरच्या बाजूला एकूण लाईन किती आहे ते विचारतात, ते बहुतेक केबीपीएस मध्ये असतं आणि आधीपासून काहीतरी प्रचंड मोठा आकडा भरलेला असतो. माझ्या जुन्या राऊटरवर मी तो तसाच सोडला होता आणि दोन महिने खालच्या नियमांशी झटापट करत बसलो, काही फरक नाही. राऊटरला वाटत होतं लाईन अजून खूप मोकळी आहे, मग तो कशाला कोणाला अडवेल. तुमचं अपलोड २० एमबीपीएस म्हणजे तिथे २०००० च्या खालीच आकडा हवा. आधी तो बघा.

मेधा७७

चौथामजला, तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही कारण आमच्याकडे दीड वर्ष अगदी हेच चाललं होतं, म्हणून सविस्तर लिहिते.

तुम्ही वाटणी करताय डाउनलोडची आणि दुखणं आहे अपलोडच्या रांगेत. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. स्पीड टेस्ट ९५ दाखवते कारण ती वेग मोजते, त्या वेळी एखाद्या छोट्या पॅकेटला, म्हणजे डेटाच्या तुकड्याला, बाहेर पडायला किती वेळ ताटकळावं लागतं ते ती ठळकपणे दाखवत नाही. तुमच्या बायकोचा आवाज म्हणजे छोटी छोटी पॅकेट, सेकंदाला पन्नासेक, आणि प्रत्येक वेळेत पोचायला हवं. उशिरा पोचलेलं आवाजाचं पॅकेट टाकूनच द्यावं लागतं, तेच तुम्हाला तुटक ऐकू येतं.

आता ताटकळत कुठे राहतं? घरातून बाहेर जाणारी सगळी पॅकेट राऊटरमध्ये किंवा त्याच्या पुढच्या फायबरच्या डब्यात एका रांगेत उभी राहतात. लाईन २० ची आणि कोणीतरी आतून १०० च्या वेगाने डेटा ढकलतंय, मग रांग वाढते. बनवणाऱ्यांनी पॅकेट वाया जाऊ नये म्हणून त्या रांगेला भरपूर जागा देऊन ठेवलेली असते. समजा १ मेगाबाइट जागा आहे, म्हणजे ८ मेगाबिट, २० च्या लाईनवर ती रिकामी व्हायला ०.४ सेकंद. म्हणजेच ४०० मिलीसेकंद. तुमचा भाऊ जो ४०० पिंग म्हणून ओरडतोय तो हाच असणार, तो खोटं बोलत नाहीये आणि बहुतेक त्याची चूक पण नाहीये, गेम एवढा डेटा पाठवतच नाही. आणि डाउनलोड करणाऱ्याला सुद्धा मिळालं मिळालं अशी पोच परत पाठवावी लागते, ती पोच याच रांगेत अडकली की डाउनलोड पण गुदमरतं, म्हणून सगळं घर एकदम बसतं.

याला बफरब्लोट म्हणतात. जिम गेटिस नावाच्या इंजिनिअरला २०१० मध्ये स्वतःच्याच घरी हे लक्षात आलं, तो मोठ्या फायली पाठवत होता आणि त्याची मुलं नेट स्लो झालं म्हणून तक्रार करत होती. म्हणजे बघा, घर कोणतंही असो, भांडण तेच. त्यानंतर कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये कोडेल नावाची पद्धत काढली, ती रांगेची लांबी बघतच नाही, पॅकेट रांगेत किती वेळ उभं आहे ते बघते, ५ मिलीसेकंदांच्या वर वाट बघणं सलग १०० मिलीसेकंद टिकलं की एखादं पॅकेट टाकते, मग पाठवणारा समजतो की गर्दी आहे आणि आपणहून हळू होतो. पुढे एफक्यू-कोडेल आलं, त्यात प्रत्येक कनेक्शनला वेगळी रांग मिळते आणि छोट्या छोट्या पॅकेटवाल्याला मोठ्या अपलोडच्या मागे उभं राहावंच लागत नाही. आणि २०१८ मध्ये लिनक्सच्या कर्नलमध्ये केक आलं, ते तर आधी घरातल्या डिव्हाइसमध्ये समान वाटणी करतं आणि मग प्रत्येक डिव्हाइसच्या आतल्या कनेक्शनमध्ये. तुम्हाला जो न्याय हवाय तो हाच की नाही? आठ जण जागे असतील तर आठ वाटे, एकटा भाऊ जागा असेल तर सगळं त्याचं, आणि आकडा कोणी ठरवायचाच नाही.

फक्त एक अट आहे आणि इथेच घोडं पेंड खातं. रांग तुमच्या राऊटरमध्ये तयार व्हायला पाहिजे, पुढच्या डब्यात नाही, कारण पुढच्या डब्यातली रांग तुमच्या हातात नसते. म्हणून राऊटरला लाईनचा वेग खऱ्यापेक्षा थोडा कमी सांगायचा, अपलोडला मोजलेल्याच्या ९०-९५ टक्के, डाउनलोडला ८५-९० टक्के. डाउनलोडला जास्त सोडायचं कारण येणाऱ्या डेटाची रांग पलीकडे कंपनीच्या टोकाला असते, आपण फक्त इकडून पॅकेट टाकून पाठवणाऱ्याला हळू हो सांगू शकतो. हे पाच-पंधरा टक्के सोडायला लोकांचा जीव होत नाही, मी सांगते, सोडा. ९५ चे ८५ झाले तर डोळ्याला कळत पण नाही, ४०० चे १५ झाले तर सगळ्या घराला कळतं.

करण्याआधी मोजा मात्र. लॅपटॉप केबलने राऊटरला लावा, बाकी सगळं बंद, पिंग सतत चालू ठेवा आणि मग एखादी मोठी फाइल क्लाउडवर अपलोड करायला घ्या. पिंग किती वर जातो ते इथे सांगा. तेवढंही नको असेल तर फास्ट डॉट कॉम वर टेस्ट झाल्यावर जास्त माहितीचं बटण दाबा, मोकळ्या लाईनवरची आणि भरलेल्या लाईनवरची लेटन्सी, म्हणजे लागणारा उशीर, वेगवेगळी दाखवतं.

रात्रपाळी

मेधाताईंनी सांगितलं ते शंभर टक्के बरोबर, मी फक्त वायफायचं बोलतो कारण लोक राऊटरमध्ये सगळं करतात आणि लॅपटॉप दोन भिंतींपलीकडे बसलेला असतो.

वायफायमध्ये वाटणी एमबीपीएसची नसते, हवेतल्या वेळेची असते. एका चॅनलवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. लांबचा कॅमेरा जर ६ एमबीपीएसच्या रेटने बोलत असेल तर तेवढाच डेटा पाठवायला त्याला ५४ वाल्याच्या नऊपट वेळ लागतो आणि तेवढा वेळ बाकी सगळे गप्प. म्हणजे कॅमेरा २ एमबीपीएसच खातो असं तुम्हाला राऊटरच्या पानावर दिसेल पण हवेतला वेळ तो कितीतरी जास्त खात असतो. जिन्यातला कॅमेरा किती सिग्नलवर आहे ते बघा.

माझं ऐकाल तर टीव्ही आणि गेमिंग पीसी केबलवर टाका, जे हलत नाही त्याला वायफाय कशाला. लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झ वर, कॅमेरे २.४ वर राहू दे, आणि २.४ मध्ये चॅनल १, ६ किंवा ११ यापैकीच, मधले घेऊ नका, ते दोन्ही बाजूंना घासतात. डब्ल्यूएमएम नावाचा पर्याय दिसला तर तो चालूच ठेवा, काही जुन्या लेखांत बंद करा असं लिहिलंय, तो बंद केला की वायफाय ५४ च्या वर जातच नाही.

आणि मेधाताईंची टेस्ट केबलनेच करा म्हणून सांगितलंय ते महत्त्वाचं आहे, वायफायवर केलीत तर दुखणं वायफायचं की लाईनचं तेच कळणार नाही.

गच्चीवरचा

क्यूओएस मधल्या प्रायॉरिटीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. डिव्हाइसला प्रायॉरिटी देणं मला स्वतःला पटत नाही, कारण डिव्हाइस म्हणजे एक काम नसतं. लॅपटॉप हाय केला म्हणजे त्यावरचा कॉल पण हाय आणि मागे चाललेलं विंडोज अपडेट पण हाय. विंडोजमध्ये तर डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन म्हणून एक प्रकार आहे, तो नेटवरच्या दुसऱ्यांच्या पीसीला अपडेटचे तुकडे तुमच्याकडून अपलोड करून देऊ शकतो, सेटिंगमध्ये जाऊन बघा, इंटरनेटवरचे पीसी चालू असेल तर फक्त घरातल्या नेटवर्कपुरतं ठेवा.

चौथामजला तुम्ही म्हणता दोन दिवस छान आणि तिसऱ्या दिवशी बिघडलं. तिसऱ्या दिवशी त्या लॅपटॉपवर काय वेगळं चाललं होतं ते शोधा, मला तिथेच शंका आहे.

दुसरी शक्यता मॅक अ‍ॅड्रेसची, म्हणजे डिव्हाइसच्या ओळख क्रमांकाची. नियम मॅक अ‍ॅड्रेसवर लागतात आणि अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनमध्ये आयओएस १४ पासून फोन खरा अ‍ॅड्रेस न देता बनवलेला देतात. एका नेटवर्कला साधारण तोच राहतो पण नेटवर्क विसरून परत जोडलं, वायफायचं नाव बदललं, फोन रिसेट केला, की बदलू शकतो आणि मग तुमचा नियम भलत्याच अ‍ॅड्रेसवर लटकत राहतो. घरच्या नेटवर्कपुरतं ते बंद करा आणि राऊटरमध्ये डीएचसीपी रिझर्वेशन करून प्रत्येकाला ठरलेला आयपी द्या, मगच नियम लावा. पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क वेगळं, त्याला मात्र खुशाल कमाल मर्यादा लावा, तिथे ती शोभते.

चौथामजला

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी लिहिल असं वाटलं नव्हतं. शनिवारी बसून टेस्ट केली, आकडे देतो.

केबलवर, बाकी सगळं बंद असताना पिंग ९. मोठं डाउनलोड चालू असताना ४५ ते ६०. अपलोड चालू केलं आणि तीन सेकंदांत ३८०, मग ४१०, ४३०, तिथेच राहिला. मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं आणि भावाला बोलावून दाखवलं, त्याला सांगितलं की तुझं म्हणणं बरोबर होतं. तो काही बोलला नाही पण जेवताना नीट बोलला, ते मला मोठं वाटलं.

गच्चीवरचा, तुमची शंका अचूक. बायको क्लास रेकॉर्ड करते आणि ते रेकॉर्डिंग तिच्या लॅपटॉपवरच्या क्लाउड फोल्डरमध्ये जातं. आदल्या दिवशी लॅपटॉप लवकर बंद केला असेल तर उरलेलं अपलोड दुसऱ्या दिवशी लॅपटॉप उघडल्या उघडल्या सुरू होतं, म्हणजे बरोब्बर क्लासच्या वेळी. आणि मी तोच लॅपटॉप हाय प्रायॉरिटीला टाकून त्या अपलोडला सगळ्यांच्या पुढे नेऊन बसवलं होतं! म्हणून त्या दिवशी माझा कॉल पण गेला. तिला बिचारीला यातलं काहीच माहीत नव्हतं, तिला वाटत होतं भावामुळे होतंय.

आत्तापुरतं केलेलं असं. क्लाउडच्या अ‍ॅपमध्ये अपलोडला मर्यादा लावली, मोबाईलचं फोटो बॅकअप फक्त चार्जिंगला असताना, कॅमेऱ्यांचा बिटरेट २ वरून १ केला, रात्रीचं चित्र थोडं मऊ झालं पण चेहरा ओळखू येतो. राऊटरच्या पानावर जुनीतार म्हणाले तसा एकूण आकडा खरंच १०००००० होता, तो अपलोडला १८५०० केला आणि किमान कमाल भरले.

फरक पडला, एका डिव्हाइसवरून अपलोड केलं तर दुसऱ्या डिव्हाइसचा पिंग ६०-७० च्या वर जात नाही. पण ज्या लॅपटॉपवरून अपलोड चाललंय त्याच्यावरच पिंग केला तर अजूनही ३०० दाखवतो. असं का? आणि माझ्या राऊटरमध्ये एसक्यूएम (ही रांग सांभाळायची सोय) किंवा केक वगैरे कुठेच दिसत नाही.

मेधा७७

वा, ४३० म्हणजे माझा अंदाज फार चुकला नाही. आणि रेकॉर्डिंगचं सापडलं ते फारच छान झालं, ते नुसतं राऊटरकडे बघून कधीच सापडलं नसतं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: रांग आता पुढच्या डब्यातून तुमच्या राऊटरमध्ये आली आणि प्रत्येक डिव्हाइसला आपली आपली रांग मिळाली, म्हणून एकाचा त्रास दुसऱ्याला होत नाही. पण एका डिव्हाइसची रांग आतून साधीच आहे, पुढे उभा तो पुढे. लॅपटॉपचं अपलोड आणि त्याच लॅपटॉपचा कॉल एकाच रांगेत, म्हणून ३००. कनेक्शननुसार रांग वेगळी करायला एफक्यू-कोडेल किंवा केकच लागेल.

त्यासाठी राऊटर बदलावा लागेलच असं नाही. घरात जुना राऊटर पडलेला असेल तर त्याचं मॉडेल आणि व्हर्जन खालच्या स्टिकरवरून बघा, ओपनडब्ल्यूआरटी म्हणजे राऊटरमध्ये टाकायचं मोफत सॉफ्टवेअर, त्याच्या साइटवर चालणाऱ्या मॉडेलची यादी आहे, त्यात शोधा. व्हर्जन जुळलंच पाहिजे हं, नाव तेच आणि आतला हार्डवेअर वेगळा असं सर्रास असतं आणि चुकीची फाइल टाकली तर राऊटर कायमचा जाऊ शकतो. ते टाकून झालं की एसक्यूएमचं पॅकेज इन्स्टॉल करा, बाहेर जाणारा इंटरफेस निवडा, डाउनलोड अपलोडचे आकडे भरा, केक निवडा. डिव्हाइसनुसार समान वाटणी हवी असेल तर प्रगत पर्यायांमध्ये बाहेर जाणाऱ्याला नॅट आणि ड्युअल-एसआरसीहोस्ट, आत येणाऱ्याला नॅट आणि ड्युअल-डीएसटीहोस्ट असं लिहावं लागतं. नॅट हा शब्द विसरू नका, नॅटमुळे सगळं घर बाहेर एकाच पत्त्याने दिसतं, म्हणून तो शब्द नसेल तर केकला सगळं घर एकच डिव्हाइस वाटतं.

जुनीतार

भर घालतो. हार्डवेअर नॅट किंवा फ्लो ऑफलोडिंग असा पर्याय चालू असेल तर तो बंद करा. तो पॅकेटना प्रोसेसरला वळसा घालून परस्पर पलीकडे नेतो, मग एसक्यूएम लावलं तरी त्याला पॅकेट दिसतच नाहीत आणि माणूस डोकं धरून बसतो की सगळं बरोबर भरलंय तरी फरक का नाही. बंद केल्यावर सगळा भार प्रोसेसरवर येतो, फार जुना राऊटर असेल तर तो दमतो आणि स्पीडच पडतो. तसं झालं तर केक ऐवजी एफक्यू-कोडेल वापरा, ते हलकं आहे. किंवा फक्त अपलोडला लावा, डाउनलोड शून्य ठेवा म्हणजे तिकडे मर्यादा लागत नाही. तुमचं खरं दुखणं अपलोडचंच आहे.

आणि कंपनीचा डबा पण राऊटरचं काम करत असेल तर तो ब्रिज मोडला (म्हणजे राऊटरचं काम न करता नुसता डेटा पुढे देणारा) टाकून घ्या, नाहीतर नॅट दोनदा होतं. शिवाय त्या डब्याचं वायफाय चालू राहिलं आणि कोणी त्याला जोडलं तर तो माणूस तुमच्या रांगेच्या बाहेरून जाणार, सगळा हिशोब बिघडला.

चौथामजला

दहा दिवसांनी लिहितोय, मुद्दाम थांबलो कारण मागच्या वेळी दोन दिवसांत खूश झालो होतो.

कपाटात जुना राऊटर होता, मॉडेल यादीत सापडलं, व्हर्जन तीन वेळा तपासून ओपनडब्ल्यूआरटी टाकलं. पहिल्या दिवशी काहीच फरक नव्हता, ऑफलोडिंग चालूच राहिलं होतं, जुनीतार यांचं लिहिलेलं आठवलं आणि बंद केलं. मग दुसरं झालं, केक दोन्हीकडे लावल्यावर डाउनलोड ६० च्या वर जाईना, प्रोसेसर पूर्ण भरलेला दिसत होता. डाउनलोडला एफक्यू-कोडेल आणि ८८००० भरल्यावर ८५ पर्यंत आलं, अपलोडला केकच ठेवलं १८५०० वर. टीव्ही आणि भावाचा पीसी केबलवर घेतला, केबल दाराच्या चौकटीवरून न्यावी लागली.

आता मोकळ्या लाईनवर पिंग ९, अपलोड पूर्ण भरलेलं असताना १४-१५, डाउनलोड भरलेलं असताना २०-२२. आणि ज्या लॅपटॉपवरून अपलोड चालू आहे त्याच्यावर सुद्धा तेवढाच. डिव्हाइसचे सगळे नियम काढून टाकले, एकाला पण मर्यादा नाही, एकाला पण प्रायॉरिटी नाही.

काल मी मुद्दाम क्लास चालू असताना १० जीबीची फाइल अपलोडला लावली, भाऊ मॅच खेळत होता, टीव्ही चालू. शेजारच्या खोलीत कान देऊन बसलो होतो. बायकोने एक तास शिकवलं, एकदाही वाक्य परत बोलावं लागलं नाही. संपल्यावर तिला सांगितलं काय चाललं होतं ते, आधी रागावली की क्लासमध्ये प्रयोग कशाला केला, मग म्हणाली हे आधी का नाही केलं. भावाने विचारलं माझ्यावर आता किती लिमिट आहे, मी म्हटलं काहीच नाही, त्याला अजून खरं वाटत नाहीये.

एकच राहिलं, जिन्यातला कॅमेरा दिवसातून एकदोनदा ऑफलाइन जातो. तो आधी पण जायचा, सिग्नल कमकुवत आहे.

रात्रपाळी

कॅमेऱ्याचा आयपी ठरवून दिलाय का बघा आणि २.४ ची चॅनल रुंदी ४० वर असेल तर २० करा, लांबच्या डिव्हाइसला २० जास्त झेपते. तरी गेला तर राऊटर फूटभर दाराकडे सरकवून बघा, धातूच्या कपाटाच्या मागे असेल तर आधी तिथून काढा.

मेधा७७

खूप बरं वाटलं वाचून, विशेषतः नियम सगळे काढलेत ते. एक लक्षात ठेवा, हे आकडे आजच्या लाईनचे आहेत. उद्या कंपनीने स्पीड वाढवून दिला किंवा तुम्ही प्लॅन बदललात तर ८८००० आणि १८५०० बदलायला हवेत, नाहीतर २०० च्या लाईनवर बसून ८५ मिळतायत म्हणून कंपनीला फोन कराल. आणि उलटं, संध्याकाळी लाईनच जर १५ वर घसरत असेल तर १८५०० चा उपयोग नाही, रांग पुन्हा पुढच्या डब्यात जाते. एकदा सकाळी आणि एकदा रात्री आठला एसक्यूएम बंद करून अपलोड मोजा आणि दोन्हीपैकी कमी असेल त्याच्या ९० टक्के भरा.

चौथामजला

मोजलं आत्ताच. सकाळी २०.४, आता आठ वाजता १९.१. १७२०० भरले. कॅमेऱ्याची चॅनल रुंदी ४० च होती, २० केली, उद्या कळेल.